कर्मचाऱ्यांचं समाधान मोजायचं कसं, आणि तो आकडा साहेबांच्या बोनसला जोडायचा का?

ट्रान्सहार्बर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि सल्ला हवा म्हणूनच काढतेय.

महापे एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे छोटे-मोठे भाग करून देतो. कायम माणसं ८५, ठेकेदाराकडची ५५. एचआर, कँटीन, बस, हजेरी सगळं माझ्याकडे, हाताखाली एक मुलगा. गेल्या महिन्यात वर्षाचं नियोजन करताना आमचे मालक म्हणाले, यंदापासून कंपनीची कामगिरी फक्त विक्री, रिजेक्शन (खराब निघालेला माल) आणि वेळेवर डिस्पॅच यांवर मोजायची नाही, माणसं किती समाधानी आहेत हेही त्यात धरायचं. एका ट्रेनिंगमध्ये त्यांना बॅलन्स्ड स्कोअरकार्ड शिकवलं होतं. ऐकून मला खरंच बरं वाटलं. सहा वर्षं मी याच विषयासाठी त्यांच्या केबिनबाहेर घुटमळतेय.

पण पुढचं वाक्य ऐकलं आणि पोटात गोळा आला. प्रत्येक डिपार्टमेंट हेडच्या व्हेरिएबल पेमधले दहा टक्के त्याच्या माणसांनी दिलेल्या गुणांवर ठरणार.

भीती उगाच नाही. मागच्या वर्षी आम्ही सर्व्हे केला होता. ४० प्रश्न, सगळे इंग्रजीत, मोबाइलवर, फक्त कायम माणसांना. ८५ पैकी ३१ जणांनी भरला. सरासरी आली पाचपैकी ४.२. मालकांनी पेढे वाटले. पुढच्या चार महिन्यांत प्रेस शॉपचे पाच सेटर, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारे, सोडून गेले, त्यातले दोघे बारा वर्षांचे जुने. त्या ४.२ मध्ये नक्की काय मोजलं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

तुमच्याकडे हे कसं मोजतात? आकडा खरा यावा म्हणून काय करावं? आणि तो हेडच्या पैशाला जोडावा का? अनुभव वाईट असला तरी लिहा.

नौपाडेकर | सोमवार, रात्री ९.५२

पहिला!
न भरलेल्या ५४ जणांनीही उत्तर दिलंय की. त्यांच्यापासून सुरुवात करा. धागा वाचनखुणेत.

आकडेमोड | सोमवार, रात्री १०.३०

नौपाडेकर, सहमत. छत्तीस टक्के लोकांनी भरलेल्या फॉर्मची सरासरी ही त्या छत्तीस टक्क्यांची सरासरी. इंग्रजी वाचता येतं, मोबाइलवर फॉर्म उघडायला वेळ मिळतो, एचआरची भीती नाही, अशी माणसं त्यात जास्त. ऑफिसातली किती आणि फ्लोअरवरची किती, एवढं जरी तपासलंत तरी बरंच कळेल.

मालकांना ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं त्याबद्दल. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी बॅलन्स्ड स्कोअरकार्ड १९९२ साली मांडलं. कंपनीकडे चार बाजूंनी बघा म्हणाले: पैसा, ग्राहक, आतली कामाची पद्धत, आणि शिकणं-वाढणं. माणसांचा विषय चौथ्या बाजूत येतो. तिथे त्यांनी समाधान, टिकून राहणं आणि उत्पादकता अशी तीन मापं एकत्र धरली आहेत. म्हणजे तुमच्या मालकांनी तीनातलं एकच उचललं. 'टिकून राहणं' तर फॉर्म न काढताही तुमच्या मस्टरवर लिहिलेलं आहे. पाच सेटर गेले हा आकडा ४.२ पेक्षा खरा, कारण तो भरायला कुणाला घाबरावं लागलं नाही.

वागळे_इस्टेट | मंगळवार, सकाळी ७.१५

ट्रान्सहार्बरताई, मी ३४ वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत पर्सोनेल खात्यात काढली. एचआर हा शब्द शेवटच्या आठ-दहा वर्षांत आला.

आमच्याकडे सूचनापेटी होती. लाकडी, पितळी कडीची, टाइम ऑफिसच्या दाराशी. तिची किल्ली कुणाकडे? टाइमकीपरकडे. अख्ख्या वर्षात आत सापडलं काय, तर बसची दोन तिकिटं आणि 'चहा पातळ' अशी एक चिठ्ठी. साहेब म्हणाले, बघा, कामगारांना काही अडचणच नाही.

नवीन मॅनेजर आले. त्यांनी पेटी उचलून सायकल स्टँडवर ठेवली आणि किल्ली युनियनच्या चिटणीसाकडे दिली. पहिल्या आठवड्यात १९ चिठ्ठ्या. त्यातल्या ११ एकाच विषयावर: दुसरी पाळी सुटते आणि स्टेशनला जाणारी शेवटची बस पाच मिनिटं आधी निघून जाते. वर्षानुवर्षं माणसं रात्री पावणेबाराला चालत स्टेशन गाठत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. पाळी पंधरा मिनिटं अलीकडे आणली. कंपनीला दमडी खर्च आला नाही.

तेव्हा प्रश्न छान असणं पुढचं. आधी पेटी कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते बघा.

मधुमालती | मंगळवार, सकाळी ९.०५

काका, 'किल्ली कुणाकडे' हे मी आमच्या टीमला वाचून दाखवलं.

शिफ्ट_बी | मंगळवार, दुपारी ३.४०

मी रबाळेला एका कंपनीत ऑपरेटर. आमच्याकडे सर्व्हे कसा होतो ते सांगतो.

मोबाइलवर लिंक येते. वर लिहिलेलं असतं, तुमचं नाव गुप्त राहील. खाली पहिलाच रकाना एम्प्लॉयी कोडचा. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझर सगळ्यांना उभं करतो. म्हणतो, मोबाइल काढा, आत्ता भरा, ४ किंवा ५ द्या. कुणी ३ दिला तर मला मीटिंगला बोलावतात आणि मग तुम्हाला पण बोलवावं लागेल. माणूस वाईट नाही. त्याला वरून आलंय. त्याच्या अप्रेझलमध्ये तो आकडा आहे.

मागच्या वेळी मी एका प्रश्नाला २ दिले. 'कामाच्या ठिकाणी पुरेशी हवा आहे' असा प्रश्न होता. आमच्या लाइनला मे महिन्यात फॅन बंद होता. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मला म्हणाला, अरे थेट मला सांगायचंस ना. फॅन जूनमध्ये आला, पाऊस सुरू झाल्यावर. आता मी सगळीकडे ४ देतो.

ताई, बोनसला जोडू नका. जोडलंत तर तुमच्याकडे पण हेच होणार.

नौपाडेकर | मंगळवार, दुपारी ४.०२

शिफ्ट_बी, पहिलाच प्रतिसाद ना तुमचा? लिहीत राहा. एवढ्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

शिफ्ट_बी यांनी लिहिलंय त्याला नाव आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनधोरणाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की आकड्यावर नियंत्रणाचा ताण आला की त्यातली जुनी नियमितता ढासळते. पुढे ते 'गुडहार्टचा नियम' म्हणून सगळीकडे वापरलं गेलं. सुपरवायझरचे पैसे गुणांवर ठरतात म्हटल्यावर तो फॅनपेक्षा आधी गुणांची सोय लावतो.

मधुमालती | मंगळवार, रात्री १०.१५

मी ऐरोलीला बीपीओत टीम लीड आहे, हाताखाली १८ जण. आमच्याकडे दर तिमाहीला ईएनपीएस. एकच प्रश्न: ही कंपनी कामासाठी चांगली आहे असं तुम्ही मित्राला किती खात्रीने सांगाल, शून्य ते दहा. ९-१० देणारे बाजूचे, ७-८ देणारे कुठल्याच बाजूचे नाहीत, ० ते ६ देणारे नाराज. बाजूच्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा.

आमच्या टीमचा गेल्या वेळी उणे २२ आला. मला कानकोंडं झालं. मुलांशी एकेकाशी बोलले तर कळलं की चार जणांनी ६ दिले होते आणि चौघांच्याही मते ते चांगले होते. एक म्हणाली, दीदी, ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास ना? आता बघा, आपण सगळे ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन या हिशेबात वाढलो. आपल्याकडे दहापैकी ९ कोण देतं? मराठीच्या बाईंनी निबंधाला कधी दिलेत? 'बरं चाललंय' म्हणणाऱ्या माणसाला ते सूत्र नाराजांत ढकलतं. दुसऱ्या देशातल्या टीमशी आमची तुलना होते तेव्हा मला फार लागतं.

पण बोनसच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. चार वर्षं हा आकडा कशालाच जोडलेला नव्हता. तेव्हा आमचे मॅनेजर रिपोर्ट उघडतही नसत. जोडल्यावर निदान नाइट शिफ्टचं रोस्टर दोन आठवडे आधी लागायला लागलं. पैशाला हात लागल्याशिवाय काही लोक हलत नाहीत, हेही खरं आहे.

तुर्भेकर | बुधवार, सकाळी ८.३०

मी मार्केटजवळ गोडाऊन आणि टेम्पोचा धंदा करतो. २२ माणसं. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे. माझ्या प्रत्येक माणसाच्या पोराची शाळा मला माहीत आहे. पगार सात तारखेच्या आत, दिवाळीला बोनस, आजारपणात उचल. माणूस खूश आहे की नाही ते सकाळी शटर उघडताना तोंडावर दिसतं. त्याला फॉर्म काय द्यायचा? समाधानी माणूस जास्त काम करतो हेही मला पटत नाही. माझा सगळ्यात समाधानी माणूस सगळ्यात जास्त वेळ चहाच्या टपरीवर असतो.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११.१०

तुर्भेकर, शेवटच्या वाक्यावर संशोधकही खूप वर्षं भांडलेत. १९८५ च्या एका मोठ्या आढाव्यात समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काही नातं नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) जेमतेम ०.१७ निघाला. २००१ साली टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, म्हणजे ५४ हजारांवर माणसांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा तो ०.३० आला. त्याचा वर्ग ०.०९. म्हणजे माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी नऊ टक्क्यांच्या आसपास भाग समाधानाशी जुळतो. नाते आहे, पण 'खूश करा, उत्पादन वाढवा' इतकं सरळ ते नाही. टपरीवरचा तुमचा माणूस त्या उरलेल्या एक्क्याण्णवात बसतो.

वागळे_इस्टेट | बुधवार, दुपारी १२.४५

तुर्भेकर, पगार वेळेवर ही तुमची गोष्ट लाखमोलाची. पण फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या दोनशेएक इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारून जे मांडलं ते मी पर्सोनेलच्या कोर्सला शिकलो आणि पुढे नोकरीभर पडताळून पाहिलं. पगार, सुपरवायझरची वागणूक, कामाची जागा हे बिघडलं की माणूस चिडतो. नीट केलं की चिडणं थांबतं. तेवढ्याने त्याला कामाचा आनंद होत नाही. तो येतो जमलेल्या कामातून, कुणी ते ओळखल्यातून, जबाबदारी मिळण्यातून. ताईंच्या फॉर्ममध्ये दोन्ही प्रकारचे प्रश्न हवेत आणि त्यांची एकत्र सरासरी काढू नये. फॅन बंद असल्याचे २ आणि कामाचं कौतुक झाल्याचे ४ मिळून ३ होतात, पण फॅन बंदच राहतो.

घोडबंदर_प्रवासी | बुधवार, रात्री ९.२०

थोडं अवांतर. कासारवडवली ते ऐरोली, कंपनीची बस, जाताना सव्वा तास, येताना कधी दोन. माझ्या समाधानातला निम्मा भाग रोज माजिवड्याला अडकलेला असतो. सर्व्हेत कँटीन, एसी, बॉस, व्हिजन, सगळ्यावर प्रश्न असतात. प्रवासावर एकही नाही. विचारलं तर एचआर म्हणतं, रस्ता आमच्या हातात नाही. रस्ता नाही, पण साडेनऊचं ऑफिस साडेदहा करणं हातात आहे ना? माझ्या बायकोच्या ऑफिसने केलं. ती घरी येते तेव्हा माणसात असते.

नौपाडेकर | बुधवार, रात्री ९.३१

कापूरबावडीलाही थोडं समाधान अडकतं, तेवढं धरा. :)
वेळेचा मुद्दा मात्र सोळा आणे.

खाडीपलीकडची | बुधवार, रात्री ११.५०

मी नर्स आहे, नवी मुंबईतच एका खासगी हॉस्पिटलमध्ये. नाइटला आहे, वॉर्ड आत्ता शांत आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडे पेशंटचं समाधान दर डिस्चार्जला मोजतात, आमचं वर्षातून एकदा. मागच्या फॉर्मला 'आपण संस्थेचे दूत आहात असे वाटते का' असा प्रश्न होता. सलग किती नाइट लागल्या, जेवायला बसायला मिळालं का, तीस पेशंटला दोन सिस्टर असताना तुम्ही काय केलंत, हे कुणी विचारलं नाही. निकाल लागल्यावर सगळ्यांना टी-शर्ट मिळाले.

पेशंटच्या फॉर्मवर 'सिस्टर बेलला लगेच येत नाहीत' असं आलं की आमची मीटिंग. ज्या आठवड्यात दोघी रजेवर होत्या त्याच आठवड्यातले ते शेरे होते. मी तारखा लावून इनचार्जना दाखवल्या. दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून कुणी वाचलेच नव्हते. ट्रान्सहार्बर, तुमच्याकडे रिजेक्शनचे आकडे असतील. ते आणि माणसांचं म्हणणं एकत्र ठेवून बघा.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी १०.००

खाडीपलीकडची, तुम्ही तारखा लावून केलंत तेच सीअर्स या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने नव्वदच्या दशकात मोठ्या प्रमाणावर केलं. शेकडो दुकानांमधली कर्मचाऱ्यांची उत्तरं, ग्राहकांची मतं आणि विक्री एकाखाली एक लावली. १९९८ मध्ये त्यांनी छापलेला निष्कर्ष असा: कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन पाच एककांनी सुधारला की ग्राहकाचं मत १.३ एककांनी सुधारतं आणि विक्रीची वाढ अर्ध्या टक्क्याने जास्त होते. आणि ७० प्रश्नांपैकी फक्त १० प्रश्नांवरून हे सगळं दिसत होतं. ट्रान्सहार्बर, तुमचे ४० प्रश्न खाली आणायला हा आधार पुरेसा आहे.

पूर्ण चित्र म्हणून हेही सांगतो की तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. माणसांचं माप नीट असलं तरी बाकीचा धंदा नीट असावाच लागतो.

ट्रान्सहार्बर | गुरुवार, रात्री ९.१५

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. तीन अडचणी अजून आहेत.

आमच्या टूल रूममध्ये चारच माणसं. त्यांचा वेगळा आकडा काढला तर कोण काय बोललं ते लगेच कळणार. दुसरी, ठेकेदाराची ५५ माणसं. मालक म्हणतात ती आपली नव्हेत, त्यांना फॉर्म नको. तिसरी, मधुमालती म्हणतात तेही मला पटतं. कशालाच जोडलं नाही तर हेड लोक रिपोर्ट उघडणार नाहीत.

आकडेमोड | गुरुवार, रात्री ९.४०

टूल रूम आणि मेंटेनन्स एकत्र करा. दहापेक्षा कमी माणसांचा वेगळा आकडा काढायचा नाही, हे फॉर्मवरच छापा.

वागळे_इस्टेट | शुक्रवार, सकाळी ७.००

ठेकेदाराच्या माणसाबद्दल. त्याच प्रेसवर, त्याच पाळीत, तोच पत्रा तो ओढतो. त्याने केलेलं रिजेक्शन तुम्ही कंपनीच्या रिजेक्शनमध्ये धरता की नाही? मग त्याचं म्हणणंही धरा.

आणि फॉर्म म्हणजे एका दिवसाचा फोटो. बोलणं चालू राहायला जागा हवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच शंभर किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी कार्य समितीची तरतूद होती, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत अशी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच राहिली. आमच्याकडे ती पहिल्या शनिवारी बसायची आणि बैठकीत ठरलेलं फळ्यावर लागायचं, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, तारखेसकट.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२० च्या दशकाच्या शेवटी कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या, वीस हजारांहून जास्त. आधी ठरलेले प्रश्न विचारत. मग लक्षात आलं की माणसाला दुसरंच काही बोलायचं असतं. तेव्हा प्रश्नांची यादी बाजूला ठेवून त्याला बोलू दिलं. ताई, फॉर्म भरून झाल्यावर मशीनपाशी जाऊन बसा, डायरी न घेता.

मधुमालती | शुक्रवार, सकाळी ८.५०

शिफ्ट_बी यांचं वाचल्यापासून मी विचार करतेय. गुणांना पैसे जोडू नका, पण फॉर्ममधून निघालेल्या कामांना जोडा. प्रत्येक हेडने आपल्या माणसांसमोर तीन गोष्टी निवडायच्या, तारीख द्यायची, आणि झाल्या की नाही ते माणसांनीच सांगायचं. हेडला गुण २ मिळाले तरी चालतील, फॅन आला पाहिजे.

शिफ्ट_बी | शुक्रवार, दुपारी ३.३५

हे चालेल.

खाडीपलीकडची | शनिवार, दुपारी १.१०

एक राहिलं. छळ, अंगलट, घाणेरडं बोलणं असल्या गोष्टी फॉर्मच्या गुणांत बुडवू नका. दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथे महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. त्या समितीवर कोण आहे आणि फोन कुठे करायचा ते फॉर्मच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापा. आमच्याकडे नव्या मुलींना हे माहीतच नव्हतं.

तुर्भेकर | रविवार, सकाळी ११.००

फॉर्म मी काढणार नाही. पण वागळेकाकांचं वाचून काल माझ्या जुन्या ड्रायव्हरबरोबर भिवंडीपर्यंत बसून गेलो. नऊ वर्षं माझ्याकडे आहे. बोलता बोलता म्हणाला, शेठ, पावसात ताडपत्री आम्ही दोघं बांधतो, तिसरा हेल्पर द्या, गेल्या वर्षी घसरून पडलो होतो. मला तो पडल्याचं माहीतच नव्हतं. हेल्पर दिला.

ट्रान्सहार्बर | सात आठवड्यांनी, रात्री १०.०५

धागा वर काढतेय, सांगायलाच हवं म्हणून.

फॉर्म केला. नऊ प्रश्न, मराठी आणि हिंदी, एका पानावर, फक्त खूण करायची, नाव-कोड काही नाही. पाळीतलीच वीस मिनिटं दिली आणि तेवढा वेळ सुपरवायझरना फ्लोअरवरून बाहेर बोलावलं. पेटी कँटीनच्या बेसिनपाशी ठेवली. मोजायला फ्लोअरवरून निवडलेले दोघे आणि बाहेरचे एक निवृत्त शिक्षक. किल्ली शिक्षकांकडे. ठेकेदाराच्या माणसांनाही फॉर्म दिला. मालकांना वागळेकाकांचं रिजेक्शनचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि हो म्हणाले.

१४० पैकी ११८ फॉर्म आले. सगळ्या प्रश्नांची मिळून सरासरी काढली नाही, प्रत्येक प्रश्न वेगळा पाहिला. प्रेस शॉपमध्ये सगळ्यात खाली प्रश्न होता 'कामाला लागणारं सामान वेळेवर मिळतं का', पाचपैकी १.९. मला वाटलं स्पेअर, डायचे पार्ट. दुसऱ्या पाळीला प्रेसपाशी जाऊन बसले. तासभर कुणी काही बोललं नाही. मग एका सेटरने हात धरून लॉकरपाशी नेलं आणि लॉकर उघडून दाखवला. आत अकरा हातमोजे घडी घालून ठेवलेले, सगळे डाव्या हाताचे.

आमच्याकडे पत्रा उजव्या हाताने ओढतात, कड उजव्या पंजाला लागते. उजवा मोजा आठ-दहा दिवसांत फाटतो, डावा महिनाभर टिकतो. स्टोअर देतं महिन्याला एक जोड. मग ही माणसं फाटक्या मोज्यावर चिंधी आणि वर चिकटपट्टी गुंडाळून काम करत होती, किंवा पदरचे पैसे घालून कोपरखैरणेच्या बाजारातून मोजे आणत होती. स्टोअरकीपरला विचारलं तर त्याने त्याचा केआरए, म्हणजे वर्षाच्या उद्दिष्टांचा कागद, पुढे केला. 'किरकोळ खर्चात १० टक्के कपात.' तो केआरए मीच टाइप केला होता.

त्या रात्री सोडून गेलेल्या सेटरांपैकी एकाला फोन लावला. मोज्यांबद्दल दोनदा सांगितलं होतं म्हणाला. मी विचारलं, सर्व्हेत का नाही लिहिलंत? म्हणाला, मॅडम, मी तर सगळीकडे ५ दिले होते. तेव्हाच दुसरीकडे बोलणं चाललं होतं, रिलिव्हिंग लेटर तुमच्याकडूनच घ्यायचं होतं ना.

फोन ठेवून मी बराच वेळ तशीच बसले होते.

आता उजवे मोजे वेगळे येतात, फाटका दाखवा आणि नवा घ्या. स्टोअरकीपरच्या केआरएमधली ती ओळ काढली. मालकांनी गुण बोनसला जोडायचं सोडलं आणि मधुमालतींचं घेतलं: प्रत्येक हेडच्या तीन गोष्टी, तारखेसकट, कँटीनच्या फळ्यावर.

आकडेमोड | रात्री १०.३०

अकरा डावे मोजे हा मी आजवर पाहिलेला सगळ्यात चांगला डेटा आहे. एक सावधगिरी: 'तीन गोष्टी' हेडने सोप्या निवडल्या तर पुन्हा तोच खेळ सुरू होईल. निवड माणसांकडे ठेवा.

वागळे_इस्टेट | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.५०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. फळा पुसू देऊ नका.

खाडीपलीकडची | सकाळी ८.१५

फॉर्म इथे डकवाल का? आमच्या मेट्रनना दाखवते.

ट्रान्सहार्बर | सकाळी ९.३०

हा घ्या. प्रत्येकाला १ ते ५, खाली चेहरे काढलेत आणि ३ म्हणजे 'ठीक' असं लिहिलंय, मधुमालतींच्या फर्स्ट क्लासवाल्या गोष्टीमुळे.

आज काय काम करायचं ते पाळी सुरू होताना नीट कळतं.
कामाला लागणारं सामान वेळेवर मिळतं.
कामाची जागा सुरक्षित वाटते.
सुपरवायझर नीट समजावतो आणि मानाने बोलतो.
चांगलं काम केलं तर कुणीतरी ते सांगतं.
अडचण सांगितली तर तिचं पुढे काहीतरी होतं.
पगार आणि ओव्हरटाइमचा हिशेब समजतो.
पाळी आणि घरी जाण्याची वेळ जमते.
पुढच्या वर्षी मी इथेच असेन असं वाटतं.

शिफ्ट_बी | दुपारी ३.४५

चौथा प्रश्न दोन करा. माझा सुपरवायझर समजावतो चांगलं, पण शिवी देऊन. मी कुठे खूण करू?

ट्रान्सहार्बर | दुपारी ४.१०

अगदी बरोबर. दोन करते. पुढचा फॉर्म सोमवारी छापायला जातोय, म्हणजे वेळेत सांगितलंत.